तात्यांचे लंबगोल कोडे

सायकली दुरुस्त करता करता तात्यांची एकतीस वर्षे गेली होती. चेनच्या नुसत्या कुरकुरीवरून ते सायकलचे दुखणे ओळखत. "माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. म्हणूनच बुधवारी संध्याकाळी मुलीने एक वस्तू पुढ्यात ठेवली, तेव्हा त्यांनी आधी हसून घेतले. पेडलपाशी असते ते दातेरी चेनव्हील होते, पण अंड्यासारखे लांबट.

"हे कुणाच्या बुडाखाली चेपलं?"

"बाबा, ते असंच असतं. पाय अडतो तिथे जोर कमी लागतो म्हणे. आमच्यातल्या दोघींनी लावलंय. रविवारी शर्यत लावून संघाची निवड आहे, तिघींनाच घेणार. तुम्ही सांगाल ते लावीन."

पुढच्या वर्षी तिचे वय बसणार नव्हते. हीच काय ती संधी.

गुरुवारी सकाळी तात्या तिची सायकल घेऊन पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले. गोल चेनव्हीलने सात मिनिटे बारा सेकंद. दुकानात येऊन लंबगोल बसवले, सहा पन्नास. शुक्रवारी खात्रीसाठी पुन्हा गोल लावले, तर सहा अठ्ठेचाळीस!

"चढच खचला की काय?" घरी येऊन ते पुटपुटले.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मधे काय केलंत?"

"काही नाही. चेनव्हील बदललं."

"नुसतं?"

"नुसतंच. चेन पुसली, तेल दिलं, हवा भरली. ते काय, करतोच आपण."

"मग कमाल चेनव्हीलची की तुमच्या फडक्याची?"

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सायकल उलटी केली की त्यांचा हात आपसूक फडक्याकडे जाई. शनिवारी त्यांनी फडके कपाटात कोंडले आणि चार फेऱ्या मारल्या. एकदा लंबगोल जिंकले, एकदा गोल. उरलेल्या दोन फेऱ्यांत तात्यांचे पायच गळाले.

"काय लावू, बाबा?"

तात्या बराच वेळ नखातले ग्रीस काढत बसले. "माहीत नाही गं."

"बाबा, ताप आहे का तुम्हाला?"

"पायाला सवय कशाची आहे?"

"गोलाची."

"मग तेच राहू दे. पण हे बाप म्हणून सांगतोय हं, मेकॅनिक म्हणून नाही."

रविवारी पोरगी तिसरी आली. चौथीच्या अवघे दोन सेकंद पुढे, पण आली! बायकोने डोळे पुसले. तात्या मात्र लगेच वाकून इतरांच्या सायकली बघत सुटले, आणि परतले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"आता काय झालं?" बायकोने विचारले.

"पहिलीचं लंबगोल आहे."

"असेना का!"

"अगं, चौथीचंही लंबगोलच आहे."

तात्या मुलीच्या सायकलपाशी उकिडवे बसले, आणि विचार करता करता खिशातले फडके काढून चेन पुसू लागले.