न केलेल्या पापाची साक्ष

हातून एकही मोठं पाप झालेलं नसणं ही केवढी अडचण असू शकते, हे मला सव्विसाव्या वर्षी पनवेलात कळलं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी साक्षीची सभा भरत असे. ज्याला वाटेल त्याने उठायचं, आपण आधी कसे होतो आणि प्रभूने हाताला धरून कसं बाहेर काढलं ते सांगायचं आणि खाली बसायचं. मला ती सभा नाताळाहूनही आवडायची! आपटा गावचा एक सुतार दर वर्षी आपल्या दारूची साक्ष देई. मी लहान असताना त्या साक्षीत तो रोज एक बाटली पीत असे. मला मिशा फुटल्या तोवर बाटलीचं पिंप झालं होतं. दारू सोडून मात्र त्याला वीस वर्षं झाली होती. दारूबंदी आली आणि त्याच्या साक्षीला आणखीच रंग चढला.

माझ्यापाशी असलं काहीच नव्हतं. आजोबांनी प्रभूला पत्करलं तेव्हा त्यांना घरदार सोडावं लागलं. त्यांची साक्ष ऐकून दगडाला पाझर फुटावा. वडील शाळामास्तर, देवभीरू. आणि मी? तान्हेपणी बाप्तिस्मा, रविवारची शाळा, मग मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. बिडीसुद्धा कधी ओढली नाही. ओढली असती तर बरं झालं असतं.

कारण त्या वर्षी गोष्ट निराळी होती. उपदेशकाच्या शिक्षणासाठी आमच्यातून एक जण निवडायला दोन पाहुणे येणार होते, आणि ते साक्षी ऐकून निवड करणार होते. मला जायचंच होतं! बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत बसायला देवाने मला जन्माला घातलेलं नाही, अशी माझी पक्की खात्री होती. गावोगाव हिंडावं, गर्दीपुढे उभं राहून गर्जावं, लोकांनी रडावं! महिनाभर मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो की मी आता इथे थोड्याच दिवसांचा. घरी बायकोला विचारलं, "साक्षीत काय सांगू गं?"

"जे आहे ते सांगा."

"जे आहे त्याला कोण विचारतंय?" मी खेकसलो.

रविवारी आमचं देऊळ, म्हणजे चर्च, खच्चून भरलं. माझ्या आधी सुतार बोलला आणि निम्मी मंडळी डोळे पुसू लागली. मग मी उठलो. पुढच्या बाकावर दोघे पाहुणे वहीत काही लिहीत बसले होते.

"मी जुगारी होतो," मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, हे मी ठरवलं नव्हतं. पण पाहुण्यांनी वहीतून मान वर केली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पत्ते, वाईट संगत, घरात भांडणं, मी भराभर सांगत गेलो. डावात किती पानं वाटतात तेही मला ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं टाळलं. आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "एके दिवशी मी आईच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या नेऊन विकल्या!"

बोललो आणि बायकांच्या बाजूला नजर गेली. आई दुसऱ्या रांगेत बसली होती, आणि दोन्ही पाटल्या तिच्या हातांत होत्या. दर रविवारी असत. आख्ख्या मंडळीने त्या पाहिलेल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही, दचकली नाही. तिने फक्त पदर ओढून घेतला आणि दोन्ही मनगटं झाकून टाकली.

 लहानपणी एका खोट्या शब्दासाठी मला उपाशी ठेवणारी ही बाई, आणि आज देवाच्या घरात माझं खोटं झाकत होती. चार लोकांत माझी शोभा होऊ नये म्हणून! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"खोटं आहे," मी म्हणालो. "मी पत्त्यांना हात लावलेला नाही. पाटल्या आईच्या हातात आहेत."

मागे कोणीतरी खदखदून हसलं. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, मला बसायची खूण केली. पण मला बसवेना. "मी कंपाउंडर आहे," मी म्हणालो, "सकाळी दवाखाना उघडतो." आणि मग थांबताच येईना! जासईकडची मिठागरातली माणसं येतात. मिठागराची जमीन पायांनी तुडवून तुडवून त्यांच्या टाचा फुटतात, भेगांत मीठ जातं. मी घमेल्यात औषधाचं जांभळं पाणी करतो, त्यांचे पाय धुतो, मलम भरतो, पट्टी बांधतो. एका म्हातारीने पहिल्या दिवशी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आता तिची डावी टाच भरून येतेय, कडेने नवी कातडी धरलीय, गुलाबी! हे सांगताना मी हातवारे करत होतो. "आणि मला ते फार आवडतं," मी म्हणालो, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त चकित मीच झालो. नाचावंसं वाटत होतं.

उपासनेनंतर आईला अंगणात गाठलं. "का झाकल्यास?"

"तू बोलून बसला होतास. कोणीतरी झाकायला नको?" मग म्हणाली, "पण लवकर थांबलास ते बरं केलंस. हात अवघडला होता माझा."

तेवढ्यात पाहुण्यांनी आत बोलावलं. म्हणाले, "सगळ्यांसमोर खरं कबूल करणारे तुम्हीच आम्हाला हवे आहात. जूनमध्ये या."

ज्यासाठी महिनाभर तळमळलो ते आयतं पुढ्यात आलं होतं. मी म्हणालो, "नको."

पाळकसाहेब भडकले. "अरे, मग एवढा तमाशा कशाला केलास?"

"तो केला म्हणून तर कळलं, साहेब."

सोमवारी मी जवळजवळ पळतच दवाखान्यात गेलो. म्हातारी पायरीवर बसलेली होती.

"तू जानार हायस ना?" तिने विचारलं.

"नाही जात."

"का? घेतला नाय तुला?"

"घेत होते. मीच नको म्हटलं."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "येडा हायस," ती म्हणाली, आणि मी बाह्या वर करायच्या आतच पाय पुढे केला.