साहेबाच्या छत्रीची भावकी

माणसाला नातेवाईक कमी पडतात, ही तक्रार मी आजवर एकाच तोंडून ऐकली आहे. ते तोंड आमचे शेजारी नारायणराव यांचं. त्यांचा उभा जन्म कळंबच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या लावण्यात गेला. निवृत्तीनंतर लावायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा ते नाती लावायला लागले.

सुरुवात झाली त्यांच्या खापरपणजोबांच्या मृत्युपत्रापासून. हे दामोदरशेट निजामाच्या मुलखातला कापूस बैलगाड्यांत भरून इंग्रजांच्या हद्दीत, बार्शीला नेत आणि एका गोऱ्या व्यापाऱ्याला विकत. त्या साहेबानं खूश होऊन त्यांना एक काळी छत्री दिली होती. मृत्युपत्रात शेतजमीन दोन ओळींत उरकली होती आणि छत्रीला अख्खं पान दिलं होतं. ‘चौघां मुलांनी छत्री पाळीपाळीने वापरावी, भांडू नये.’

भांडू नये म्हटल्यावर मुलं काय करणार? भांडली. एकानं कापड नेलं, दुसऱ्यानं काड्या, तिसऱ्यानं दांडा आणि चौथ्यानं मूठ. पावसात चौघेही भिजले, पण आपापला तुकडा त्यांनी जिवापाड जपला आणि मरताना पुढच्या पिढीच्या नावे लिहून ठेवला.

दांडा नारायणरावांच्या घरात होता. बाकीचे तीन तुकडे शोधायला ते निघाले. भूम, परांडा, ईट, जिथं जुन्या वाण्याचं घर दिसेल तिथं शिरायचं आणि पाणी प्यायच्या आधी विचारायचं, “तुमच्या आजोबांचं मृत्युपत्र आहे का हो?” दोन ठिकाणी लोकांना ते जमीन लाटायला आलेत असं वाटलं, एका ठिकाणी कुत्रं सोडलं. पण नारायणकाका हटले नाहीत. कुणाचं मृत्युपत्र मोडीत, कुणाचं उर्दूत; ते वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना चहा पाजून पाजून त्यांनी छत्री अखेर जुळवली. सगळ्याच्या झेरॉक्स माझ्या दुकानात निघायच्या, म्हणून मला हे सगळं पाठ आहे. वंशावळ पूर्ण झाली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत भूमच्या कापडवाल्या शाखेतली एक आजी वारली. नारायणराव पडले काटेकोर. गुरुजींना विचारायला गेले.

गुरुजी म्हणाले, “सात पिढ्यांच्या आतली भावकी. कळलं की सुतक लागतं.”

“अन् कळलंच नसतं तर?” त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकूंनी विचारलं.

“तर नसतं लागलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. काकूंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की गुरुजींनी दक्षिणा न घेताच चपला घातल्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नारायणरावांच्या मुलीचं, देवश्रीचं लग्न होतं. ते पुढं ढकललं. नवी तारीख धरली, तर परांड्याच्या काडीवाल्यांपैकी एक चुलते गेले. पुन्हा ढकललं. नवरामुलगा कैवल्य बिचारा गरीब, पण त्याच्या आईनं लातूरहून स्पष्ट निरोप धाडला, “तिसऱ्यांदा तारीख हलली तर आम्ही दुसरं स्थळ बघू.” देवश्रीनं कैवल्यला स्वतः पसंत केलेलं. ती बापाशी बोलायची बंद झाली. ताटात भाजी वाढायची ती अशी, की पळीचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा.

“घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!” काकू म्हणाल्या. “तुम्ही तर घोडंबी हुडकून आनलं!” मग त्यांनी दोन हुकूम काढले. एक, छत्रीच्या एकाही नातेवाइकाला पत्रिका जाणार नाही. दोन, काकांचा मोबाइल लग्नापर्यंत ज्वारीच्या कोठीत राहील. वाजला तर ज्वारीत वाजू दे.

पण काकांनी सगळ्या भावकीला माझाही नंबर देऊन ठेवला होता. बुधवारी सकाळी फोन आला. ईटहून सिताबाई बोलत होत्या, मूठवाल्या कोंडीरामांच्या सूनबाई. “मामंजी दोन दिस झालं जेवले न्हाईत. भिंतीकडं त्वांड करून पडल्यात. नव्वदी पार झाली, काय सांगावं?”

गुरुवारी सकाळी लग्नाचं देवक बसायचं होतं. एकदा देवक बसलं की आभाळ कोसळलं तरी सुतक लग्नाला आडवं येत नाही. म्हणजे कोंडीरामांनी एवढी एक रात्र काढली की देवश्री सुटली. नारायणरावांचा चेहरा पांढरा पडला. “गाडी काढ,” ते मला म्हणाले.

घरी तेरखेड्याहून फटाके आणतो असं सांगितलं. ते खोटं ठरू नये म्हणून वाटेत खरंच थांबून घेतले. काका मागं बसले होते, मांडीवर फटाक्यांची पिशवी, आणि ईट येईपर्यंत देवीला विनवत होते, “आई, आजचा दिस. फकस्त आजचा दिस.”

कोंडीराम बाजेवर पडले होते. अंगावर घोंगडी, तोंड भिंतीकडं. उशाशी छत्रीची वाकडी मूठ. तिनं ते पाठ खाजवत. काका बाजेपाशी उकिडवे बसले.

“आबा, म्या नारायण. कळंबचा. दांड्याकडला.”

आबांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

“आबा, तब्येतीला जपा. निदान… उद्या सकाळपतूर तरी.”

घोंगडीतून आवाज आला, “अन् मंग?”

“मंग… तुमची मर्जी.”

मी तोंडात रुमाल कोंबला. म्हातारा ताडकन उठून बसला. दोन दिवसांच्या उपाशी माणसाच्या मानानं फारच ताडकन.

“म्हंजी म्या कवा मरायचं, त्ये तू ठरीवनार व्हय? माज्या बाचं मृत्युपत्र तुला दावलं. भाकरी घातली. ‘आबा, आपुन एका रक्ताचं’ म्हनलास. म्या साऱ्या गावाला सांगितलं, कळंबला माजी भावकी हाय म्हनून. अन् घरात लगीन निघालं तर अक्षता न्हाई, पत्रिका न्हाई! गाव इचारतंय, आबा, कवा निगायचं? काय सांगू?”

म्हातारा मरत नव्हता. रुसला होता.

नारायणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सिताबाईंकडून मूठभर तांदूळ आणि कुंकू मागून घेतलं, त्याच घरच्या तांदळाच्या अक्षता केल्या आणि त्याच घरच्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवल्या. “चुकलं आबा. लग्नाला चला.”

“जेवायला काय हाय?”

“जिलेबी.”

“सिते, भाकरी वाढ,” आबा म्हणाले. भाकरी चुरता चुरता त्यांनी सगळी हकिकत, सुतक, लातूरची विहीण, ज्वारीतला मोबाइल, खोदून खोदून काढून घेतली. मग माझ्याकडं पाहिलं. “पेन हाय का? ल्ही. म्या कोंडीराम, शुद्धीवर हाय. माज्यामागं माजं सुतक कुनी धरायचं न्हाई. घरात शुभकार्य आसंल तर खुशाल करायचं. अन् ही मूठ देवश्रीला.” खाली अंगठा उठवला आणि पिशवीकडं बोट केलं. “आता त्यातली एक माळ लाव. गावाला कळू दे, बोलावनं आलं म्हनून.”

लग्नात आबा पहिल्या पंगतीला बसले आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत उठले नाहीत. काकू सुरुवातीला फुरंगटल्या होत्या. पण पाठवणीच्या वेळी आबांनी ती मूठ देवश्रीच्या हातात दिली आणि म्हणाले, “सासू लई बोलली तर हिनं पाठ खाजीव, दुर्लक्ष होतंय.” रडणारी पोरगी खदाखदा हसली. काकूही हसल्या. त्यानंतर ईटला दर महिन्याला लाडवांचा डबा जायला लागला.

आबा त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेले. देवश्रीचा पहिला दिवाळसण, जावई यायचा, काकूंची कढई गॅसवर, अर्ध्या करंज्या तळून झालेल्या. फोन मलाच आला. मी आधी दुकानातून आबांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स घेतली आणि मग त्यांच्या घरी गेलो. काका मटकन खाली बसले. मी कागद काकूंपुढं धरला.

“काकू, आबांनीच लिहून ठेवलंय. सुतक धरायचं नाही. तुम्ही तळा.”

काकूंनी कागद वाचला, घडी घातली आणि गॅस बंद केला.

“त्यांनी लिवलं आसंल,” त्या म्हणाल्या. “आपलं मानूस गेलंय. जावयाला फोन करा, दिवाळसण पुढल्या वर्षी करू.”