पाटीवरचा खासगी शब्द

वत्सलाताईंची आणि माझी पहिली ओळख एका विसर्गावरून झाली. बदनापूर स्टेशनामागे, पूर्वी खताचे दुकान असलेल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. भिंतींना अजून युरियाचा वास होता. मनाच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या कुणीतरी ताई आल्या आहेत, एवढ्या बातमीवर मी वार्ताहर या नात्याने गेलो. मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो आहे, हे त्यांना कुठून तरी कळले होते. तालुक्यात या पदवीचा उपयोग तोवर लग्नपत्रिका तपासण्यापुरताच झाला होता. "मग पाटीवर काय लिहायचे ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितले, 'मनःस्वास्थ्य समुपदेशन केंद्र'. पेंटरने तो विसर्ग म्हणजे रंगाचे ओघळ समजून पुसला. मी उभा राहून पुन्हा काढून घेतला.

पुढे आठवडाभर त्या पाटीखाली कुणीही आले नाही. मग जाफराबादकडचे एक धनगर बाबा सुनेला घेऊन आले. मी माझी पाटी पाहायला गेलो होतो, म्हणून दाराशी झालेले बोलणे माझ्या कानावर पडले.

"जीपमधल्या मास्तरनं पाटी वाचली," बाबा म्हणाले. "उपदेश देतेत म्हणे हितं. बाई, उपदेश लई झाला हिला. मामानं केला, पाटलानं केला, देवरुशानं तर कोंबडं घेऊन केला. दुसरं काय आसंल तर सांगा."

"उपदेश मला येतच नाही, बाबा. मी ऐकते."

"निस्तं ऐकता?"

"निस्तं."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "खासगी हाय ना हे? मंग खर्चा लई आसंल."

"जमेल तसं बघू. खासगी म्हणजे इथं बोललेलं इथंच राहतं."

त्याच आठवड्यात पाटी बदलली. नवीन पाटीवर एवढेच होते: 'खासगी. बसा, बोला.' माझी पाटी आजही मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून कामाला आहे. मनःस्वास्थ्याखाली पाणी थंड राहते, असे ताई मला दरवर्षी न चुकता कळवतात. खासगी हा शब्द फारसीच्या वाटेने आलेला. माझ्या देववाणीला त्याने असे हरवले.

ताईंची रीत तेव्हापासून तीच आहे. काय त्रास आहे, हे त्या आधी विचारीत नाहीत. कशाने आलात, पाणी प्यालात का, सकाळी काय खाल्ले, असे विचारतात. एका मजूर बाईंचे, त्यांना विचारूनच सांगतो, डोके गरगरायचे. खाण्याची चौकशी करता करता कळले की त्या सकाळपासून काहीच घेत नाहीत. ज्यांच्या शेतावर कामाला जायच्या, तिथे त्यांचा चहाचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला. तो चहा नको म्हणून त्यांनी न्याहारीही सोडली होती. ताईंनी आधी त्यांना भाकरी वाढली, मग ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्या शेतमालकांच्या घरी गेल्या. "दुखणं हिच्या डोक्यात आहे, पण त्याची मुळी तुमच्या कोनाड्यात आहे," असे त्यांना सांगून आल्या.

हे बोलण्याचा अधिकार त्यांनी फार लवकर मिळवला होता. ताई आष्टीच्या जमीनदार घरातल्या. त्यांच्याही घरी असा कप होता. शाळकरी वयात एक दिवस त्यांनी तो कोनाड्यातून काढला आणि अंगणात बसून त्यात चहा प्याल्या. वडील आठ दिवस बोलले नाहीत. "अबोला काय असतो, ते तेव्हा कळलं. पुढं उपयोगी पडलं," असे त्या सांगतात.

आता माझ्या अपराधाविषयी. बाबांच्या त्या सुनेची वाचा गेली होती. मेंढरे कुणाच्या तरी पिकात शिरली म्हणून तिला चारचौघांत मारले होते, आणि त्या दिवसापासून ती गप्प होती. हे मला बाबांनीच बाहेरच्या बाकावर सांगितले होते. ताईंकडे ती तीन महिने आली, नुसती बसली, मग हळूहळू बोलू लागली. मला राहवले नाही. मी रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. तिचे नाव नव्हते. पण कळप होता, दोन मुली होत्या, हातावरचे गोंदण होते. उपमा तर इतक्या होत्या की मी स्वतःच लेख दोनदा वाचला. बाजाराच्या दिवशी कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि तिच्याकडे बोट केले, "हीच का ती मुकी?" ती पुन्हा गप्प झाली आणि यायची थांबली.

ताईंनी मला बोलावले. रागावल्या नाहीत. पाटीकडे बोट करून म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, पहिला शब्द वाचा."

"खासगी."

"संस्कृत नाही, म्हणून अर्थ लागला नसेल."

मग मला घेऊन त्या जीपने निघाल्या, पुढे पायी माळावर. मी काय बोलू, असे विचारले, तर म्हणाल्या, "चूक कबूल करा आणि बसा." ती आमच्याकडे पाठ करून कोकराला पाजत होती. मी हात जोडून म्हणालो, "क्षमस्व."

"काय म्हणून राह्यले हे?" बाबांनी विचारले.

"चुकलं म्हणतात."

"मंग तसं म्हणावं की!"

मी तसे म्हणालो. ती वळली नाही. आम्ही तासभर बसून परतलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. मी त्या माळावर ऐकायला बसायचे शिकलो. ताई इतकी वर्षे काय करतात, ते तिथे कळले. तिसऱ्या खेपेला निघताना मागून तिचा आवाज आला, "भाऊ, लिव्हायचं तं इचारून लिव्हत जा."

जीपमध्ये ताईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. दोन दिवसांनी ती खोलीत येऊन बसली.

ताईंच्या साठीनिमित्त हा लेख लिहायचे ठरले, तेव्हा मी आधी तिला विचारायला गेलो. आता ती दर आठवड्याला ताईंकडे येते, बाहेरच्या बाकावर घाबरून बसलेल्या नव्या बायकांना खासगी म्हणजे काय, ते समजावते. मी सगळा लेख तिला वाचून दाखवला. तिने गाव खोडायला लावले आणि म्हणाली, "गोंदन कसलं ते बी नगं. आन बाईचं जास्ती लिव्हा."

शेवटी मी 'शतायुषी भव' लिहिले होते. तिने अर्थ विचारला, मी सांगितला.

"शंभरच? मंग आमच्या नातसुनांचं कोन ऐकंल?"

तेव्हा, ताई, आम्हा सर्वांची इच्छा हीच की तुमचे गुडघे, कान आणि थट्टेची सवय ठणठणीत राहो, आणि आयुष्य तिच्या हिशेबाने मिळो, माझ्या नव्हे. हा लेख हाती पडल्यावर तुम्हाला काय वाटेल, ते मला निवांत सांगा. कुठेही छापणार नाही.