धोंडिबाअण्णांची सपाटी

माझं तोंड वाईट. हुबळीच्या बाजारात कुणालाही विचारा, वनिताअक्काच्या दुकानात शिरायच्या आधी लोक तिचा चेहरा बघून घेतात म्हणतील. मिरजेहून आमच्या आजेसासऱ्यांनी चटयांचा धंदा इथे आणला. आता चटया कमी जातात आणि प्लास्टिकचं गवत जास्त. गच्चीवर, अंगणात, बंगल्यामागे, लोकांना खेळायला हिरवं मैदान हवं असतं. आम्ही गवत विकतो आणि धोंडिबाअण्णा ते अंथरतात.

अण्णा अळणावरजवळच्या खेड्यातले. जन्मभर दुसऱ्याच्या भातशेतात राबले. लावणीआधी चिखल सपाट करायला त्यांना चार गावांतून बोलावणं यायचं. बैलांना जुंपलेल्या फळीवर उभं राहून ती चिखलावरून हाकायचे, आणि पाणी सोडलं की शेताच्या चारी कोपऱ्यांत सारखं दोन बोटं उभं राहायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको मथुरा त्यांना माझ्या दुकानात घेऊन आली. म्हणाली, अक्का, ह्यांचे गुडघे आता रोज चिखलात नकोत. लावणीला जातील चार दिवस, बाकी तुम्ही ठेवून घ्या. मी म्हटलं, भात लावणारा माणूस गवत काय लावणार? तर असं लावलं की जोड कुठे आहे ते माझं मलाच सापडेना. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून बघायचे आणि सांगायचे, "तिकडं सुपारीएवढं उठलंय." हात लावून बघावं तर खरंच उठलेलं असायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मडिकेरीच्या वरच्या डोंगरातून काम आलं. हेमावतीअम्मा म्हणून एक सत्तरीच्या बाई, तरुणपणी हॉकी खेळलेल्या. घरामागे छोटं मैदान करून कॉफीच्या मळ्यातल्या पोरींना शिकवायचं त्यांच्या मनात होतं. तिथला पाऊस म्हणजे चार-चार महिने उसंत नाही. म्हणून गवंड्यानं खडी आणि बारीक कच दाबून जमीन केली, ती दरीकडे उतरती केली. त्या कडेच्या दगडी कट्ट्याला पाणी जायला भोकं ठेवली. माझा दीर श्रीकांत मोजमाप करून परत आला आणि मी अण्णांना गवत घेऊन पाठवलं. हुबळीत खालची जमीन नेहमी दुसरेच करतात, अण्णांचा संबंध फक्त गवताशी. उतार मुद्दाम ठेवलाय हे त्यांना सांगायला मी विसरले.

अण्णांनी जमिनीला गाल लावला असणार आणि त्यांचा जीव कळवळला असणार. एवढ्या भल्या बाईचं काम गवंड्यानं वाकडं करून ठेवलं! दोन दिवस खपून त्यांनी सगळी जमीन आरशासारखी सपाट केली. भोकं दिसली, ती दगड घालून बुजवली. भाताच्या माणसाला बांधाला भोक दिसलं की चैन पडत नाही. मग वर गवत अंथरलं. हेमावतीअम्मांना ते इतकं आवडलं की त्यांनी अण्णांना कॉफीची पिशवी दिली.

जूनमध्ये हेमावतीअम्मांचा व्हिडिओ आला. मैदानात पाणी, चारी कोपऱ्यांत सारखं, दोन बोटं. त्यात एक बेडूक निवांत बसला होता.

अण्णा तेव्हा दुकानातच गवत कापायच्या सुरीला धार लावत होते. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी एकेरीवर आले. "तुला मैदान करायला पाठवलं होतं की तळं? चिखलातला माणूस चिखलातच बरा." गिऱ्हाइकांसमोर. अण्णा म्हणाले, "होय अक्का." सुरी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि गेले.

वाटलं, येतील चार दिवसांनी. आली ती मथुरा, पंधरा दिवसांनी. बसा म्हटलं तर बसली नाही. "अक्का, ते शेतातपण जाईनात," म्हणाली. "लावणी सुरू झाली, लोक बोलवायला येतात. हे म्हणतात, माझा हात खोटा निघाला. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतात बघा. जेवतानापण हाताकडं बघत राहतात." ती रडली नाही. माझं एक वाक्य मी कधीच विसरून गेले होते आणि ते तिच्या घरात पंधरा दिवस बसून होतं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या गावी गेले. अण्णा ओसरीवर होते, मथुरा म्हणाली तसेच. मी म्हटलं, "अण्णा, उतार सांगायचं काम माझं होतं. चूक माझी आणि शिव्या तुम्हाला. मला माफ करा." उभ्या आयुष्यात हा शब्द मी नवऱ्यालासुद्धा म्हटलेला नाही. ते म्हणाले, "मीपण विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, पाऊस थांबला की ते उकरायचं आहे, चला. त्यांनी मान हलवली. "दुसरा माणूस बघा. मला सपाट तेवढंच कळतं." मी म्हटलं, "पाणी कोंडणारे तुम्ही, ते सोडता पण तुम्हालाच येणार. नाहीतर ते मैदान तसंच राहील. मी दुसरा माणूस पाठवणार नाही." हट्टाला पेटले की मी तशीच आहे.

नोव्हेंबरात ते आले आणि श्रीकांतबरोबर मडिकेरीला गेले. गवत गुंडाळून बाजूला केलं, भोकं मोकळी केली आणि दहा दिवस जमीन उतरती करत राहिले. तांब्याने पाणी ओतायचे, ते कुठे थांबतं बघायचे, पुन्हा उकरायचे. श्रीकांत म्हणाला, मोजलं, बरोबर आहे. अण्णांचा विश्वास बसेना. त्यांनी काम संपवलं, पण पुढचे आठ महिने कुठल्याही जमिनीला गाल लावला नाही. कसं झालंय विचारलं की म्हणायचे, श्रीकांतला विचारा.

म्हणून ह्या जुलैत मी त्यांना घेऊन मडिकेरीला गेले. धो धो पाऊस. हेमावतीअम्मा छत्री धरून उभ्या, मैदानात सहा-सात पोरी रेनकोट घालून चेंडूमागे पळत होत्या. दरीकडच्या भोकांतून पाणी खळाळत खाली चाललं होतं. अण्णा कडेला उभे राहून बघत राहिले. मग भर पावसात गुडघे टेकून बसले, ओल्या गवताला गाल लावला, एक डोळा मिटला.

"वाकडं आहे अक्का," म्हणाले.

मी विचारलं, "किती?"

"पाहिजे तेवढंच."

उठले, हात धोतराला पुसले आणि मथुराला फोन लावला. "लावणी राहिलीय का कुणाची? परवा मी फळीवर येतो म्हणून सांग." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, चार दिवस सुट्टी लागेल."

मी होय म्हटलं.