आप्पा चाळ माझी नव्हे

शिरूर-दौंड भागात कांदा साठवायच्या चाळीखाली पंखा आणि पाइप बसवलेला दिसला की लोक तिला ‘आप्पा चाळ’ म्हणतात. न्हावऱ्यापासून राहूपर्यंत कुणालाही विचारा. तो आप्पा म्हणजे मी. त्या चाळीत माझं काय आहे म्हणाल, तर पंखा पाइपाला जोडणारं पत्र्याचं एक नरसाळं आणि पंख्याखालचं लोखंडी स्टँड. बाकी सगळं एका सिनेमानटीनं शोधून काढलं. हे मी आजवर दिसेल त्याला सांगत आलो, आणि दर वेळी माझीच कीर्ती वाढली. म्हणून आता लिहून ठेवतो. कागदापुढं टाळ्या वाजवायला तरी कुणी नसतं.

मी साखर कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर न्हावऱ्यात घरापुढंच वेल्डिंगचं दुकान टाकलं. त्या नटीबाईंनी आमच्या शिवारात जमीन घेतली तेव्हा गावात दोन मतं होती. काहींचं म्हणणं, त्या इथं लपायला आल्यात. बाकीच्यांचं म्हणणं, इथं शूटिंग होणार. शेती करायला आल्या असतील हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्या मूळच्या राहूच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, हे फार पुढं कळलं. सकाळी कांदा काढायला बायका यायच्या तेव्हा बाई आधीच बांधावर असायच्या: ओठांना लाली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात खुरपं. बायका कांदे काढायच्या कमी आणि बाईंच्या भुवया बघायच्या जास्त.

पहिल्याच वर्षी श्रावणात त्यांच्या चाळीतून वास सुटला. वरचा कांदा चांगला, मधला सगळा नासलेला. आमच्याकडं हे दरसालचं. नासका कांदा आपण बांधावर टाकतो, चार दिवस नाक धरतो आणि विसरतो. बाई विसरल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावलं. अंगणात टेम्पोतून उतरवलेला एक पंखा उभा होता, बैलगाडीच्या चाकाएवढा.

“ह्यो कसला पंखा, मॅडम?”

“ह्याच्यापुढं उभं राहूनच मी म्हातारी झाले, आप्पा. गाण्यात पदर उडतो ना, तो हा उडवतो.”

“आन् कांद्याला कशाला?”

“कांद्याचाही पदर उडवायचाय.”

मला वाटलं बाई चेष्टा करतात. पण त्यांनी मला चाळीत नेऊन समजावलं. ढिगाच्या मध्ये हवा कोंडते, कांद्याला घाम येतो आणि तिथून नासायला सुरुवात होते. वारा ढिगाच्या खालून, मधोमध द्यायचा. “नुसता सोडून भागत नाही,” त्या म्हणाल्या. “जोरात सोडला की केस तोंडात जातात. हळू सोडला की पदर हलत नाही. वारा अंगाला लागला पाहिजे, डोळ्यांना दिसता कामा नये. एवढी एक गोष्ट मला येते.”

चाळीच्या तळाशी पाइप अंथरले आणि त्यांना भोकं पाडायचं ठरलं. मी म्हणालो, टोकाकडची भोकं मोठी ठेवू, तिथंवर वारा पोचता पोचता दमणार. ठिबकचं पाणी नाही का शेवटाला रडत येतं? बाई म्हणाल्या, आधी सगळी सारखीच पाडून बघू. तशी पाडली. आत जाऊन त्यांनी टिकल्यांची एक जांभळी साडी आणली. पातळ, झुळझुळीत. ती टराटरा फाडून तिच्या पट्ट्या प्रत्येक भोकाशी बांधल्या आणि पंखा लावला.

टोकाच्या पट्ट्या थयथय नाचायला लागल्या. पंख्याजवळच्या मात्र मेल्यासारख्या पडून. मी पंख्याला शिव्या घातल्या, पाइप उलटा फिरवून बघितला, पण पट्ट्या काही ऐकेनात. बाई जमिनीवर बसून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “घाईतला माणूस वाटेतल्या दारात थांबत नाही, आप्पा. भिंतीला धडकला की मग बाजूला वळतो.” आणि त्यांनी टोकाकडची भोकं बुजवायला घेतली. एक बुजवायचं, पट्ट्या बघायच्या, पुढचं बुजवायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या एका तालात हलायला लागल्या. शोध तो हा. त्यातलं एकही भोक माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

इकडं टिकल्या चमकताना आणि पंखा फिरताना रस्त्यावरून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी शिरूरकडून मोटरसायकली आल्या. त्यांच्या मागोमाग भेळेची गाडी आली. एक म्हातारबाबा पोतं अंथरून चाळीसमोर बसले.

“हिरो कवा येनार?” त्यांनी मला विचारलं.

“हिरो न्हाई, बाबा. कांदा येनार.”

“त्यो साइड रोलला आसंल. हिरोचं इचारतोय मी.”

एकानं शर्टाला इस्त्री करून बायकोसह हजेरी लावली. “मॅडम, आमाला क्राउडमधी घ्या की.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. “घेते. ते कांदे उचला आणि चाळीत ओता. पण हळू, मार लागता कामा नये.”

त्या दिवशी अख्खी चाळ क्राउडनं भरली. माणसं पाट्या उचलून अशी डौलात चालत होती की आमच्या गावात कुणी कधी तसं चाललं नसेल. तो इस्त्रीवाला पाटी ओतून परत आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, परत टाकू का? मगाशी चुकून कॅमेऱ्याकडं बघितलं मी.” कॅमेरा नव्हताच. बाई गंभीरपणे म्हणाल्या, “टाका.” त्यानं दुसरी पाटी उचलली.

पाऊस झाला, दसरा गेला, तरी त्या चाळीतला कांदा लग्नातल्या नवरदेवासारखा ताजा. बाईंनी ठरवलं, सगळ्या शेतकऱ्यांना बोलावून ही चाळ दाखवायची. सरपंचांना सांगितलं आणि तिथंच घोळ झाला.

आमच्या भागात नटी कशाला येते हे सगळ्यांना पाठ आहे. मोबाइलचं दुकान असो नाही तर शेळ्यांचा बाजार, ती येते, फीत कापते, हात हलवते आणि जाते. सरपंचांनी बाईंच्याच चाळीच्या दाराला लाल फीत बांधली आणि ताटात कात्री ठेवून ताट बाईंपुढं धरलं.

“माझ्याच चाळीचं उद्घाटन मीच करू?” बाई म्हणाल्या.

“मंग आन् कोन करनार मॅडम? तुमच्याएवढं मोठं हाय कोन हितं?”

लोक खुशीत हसले. बाईंना वाटलं असावं, ठीक आहे, नंतर सांगू. त्यांनी फीत कापली. तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, “आता या यंत्राचे जनक!” आणि चार हातांनी मला पुढं ढकललं. माझ्या हातात पाना होता. पानेवाला माणूस शोध लावणार आणि कात्रीवाली बाई पाहुणी असणार, ह्यापलीकडं त्या मांडवात कुणाचा विचार गेला नाही. माझ्यापुढं माइक आला. कारखान्यात उभं आयुष्य गेलं, पण माझ्यापुढं कधी कुणी माइक धरला नव्हता. आणि मी म्हणालो, “मॅडमनी आपल्या धावपळीतनं वेळ काढला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.”

एवढंच बोललो. खोटं असं त्यात एकही अक्षर नव्हतं. मला फेटा बांधला. बाईंची ओटी भरली आणि इतक्या लांबून आल्याबद्दल आभार मानले. त्यांचं घर दोन वावरं सोडून पलीकडंच होतं. बाई हसत होत्या, पण ते हसू पोस्टरवरच्यासारखं, होतं तिथंच थांबलेलं.

घरी बायको फेट्याकडं बघत राहिली. “आवं, आपला मिक्सर दुरुस्त व्हईना तुमच्यानं. आन् शोध लावला व्हय?”

दोन दिवसांनी मी बाईंकडं गेलो. म्हणालो, लोकांचा गैरसमज झाला.

“या, संशोधक,” त्या म्हणाल्या. चहा दिला. मग बोलल्या, “पडद्यावर माझा आवाज दुसरीचा होता, आप्पा. गाणं तिसरीचं. नाच मास्तरांचा, डोळ्यांतलं पाणी ग्लिसरीनचं. लोक माझं म्हणून जे जे आठवतात, त्यातलं माझं काहीच नाही. त्या पाइपाची भोकं तेवढी माझी होती.” आणि चिडल्या की त्यांची शहरातली मराठी गळून पडायची, तशी ती पडली. “ती बी तुमी नेली.”

त्या दिवसापासून मी खरं सांगत सुटलो. एसटी स्टँडवर सांगितलं, तर एक जण माझ्या पाया पडला. म्हणाला, आप्पा, तुमचं हेच मोठेपण. भोकं कुठली बुजवायची असं विचारणाऱ्यांना मी म्हणायचो, मला माहीत नाही, मॅडमना विचारा. ते डोळे मिचकावायचे. “आप्पा गुपित सांगायचं न्हाईत.” मग प्रत्येक जण आपापल्या अंदाजानं भोकं पाडायचा. ज्याची चाळ साधली तो माझं नाव घ्यायचा, आणि ज्याची नासली तो म्हणायचा, आपल्यालाच जमलं नाही. शेवटी शेवटी तर लोक म्हणायला लागले, आप्पा म्हातारपणी मॅडमच्या प्रेमात पडलेत, म्हणून आपला शोध त्यांच्या नावावर करतायत. हे बायकोच्या कानावर गेलं तेव्हा तिला इतकं हसू आलं की उचकी लागली. गूळ दिला तेव्हा थांबली.

यंदा सरपंचांनी वेशीवर कमान उभी केली: ‘आप्पा चाळीचे जन्मगाव’. अनावरणाला मी यायचं होतं. मी अट घातली, मॅडम स्टेजवर बसतील आणि पहिलं मी बोलणार. बाई यायला तयार नव्हत्या. मी म्हणालो, एकदा या, ह्या खेपेला तुमच्या तोंडावर सांगतो. त्या आल्या, अबोली रेशमी साडीत, नटून. मला आल्या आल्याच फेटा बांधला.

मी सगळं सांगितलं. पंखा, साडी, पट्ट्या, माझा ठिबकचा अडाणीपणा, फीत, सगळं. शेवटी म्हणालो, “मी चोर आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचांनी डोळे पुसले. “बगा,” ते माइकवर म्हणाले, “एवढा मोठा मानूस. पर पाव्हन्या बाईला मोठेपना देतोय!”

तेव्हा बाई उठल्या आणि त्यांनी सरपंचांच्या हातातून माइक घेतला. “ए, टाळ्या बंद करा! म्हातारा खरं बोलतोय तर ऐकायला काय हुतंय तुमाला? ती चाळ मी केली. ह्या हातानं केली. मी राहूची हाय, मेंढरामागं वाढलेली. वारा कुठनं येतो ते मला तुमी शिकवनार?”

शिट्ट्या झाल्या. मागून कुणी तरी ओरडलं, “वन्स मोअर!” मग सगळेच ओरडायला लागले.

आणि बाईंनी ते पुन्हा म्हटलं. जन्माची सवय, दुसरं काय! दुसऱ्यांदा तर फारच छान म्हणाल्या. ‘ह्या हातानं’वर हातही वर गेला. लोक उभे राहिले. बाई खाली बसल्या आणि त्यांनी चष्मा लावला. मी शेजारीच होतो, म्हणून सांगतो: चष्म्याखालून गालावर आलं ते ग्लिसरीन नव्हतं.

गोंगाट ओसरल्यावर मागं बायकांमधून एक बाई उठली. इनामगावची, तिशीतली, हातात स्कूटीची किल्ली. “मॅडम, माझ्या चाळीत पंख्याकडचाच कांदा नासतोय. टोकाचा ठणठणीत हाय. काय करू?”

“आगं, आप्पांना इचार की,” सरपंच म्हणाले.

“आप्पा म्हनत्यात त्यांना कळत न्हाई. मंग त्यांना कशाला इचारू?”

इतक्या वर्षांत माझं बोलणं जसंच्या तसं ऐकणारी ती पहिली. बाई उठल्या. “पाइप केवढा?” त्यांनी तिथूनच विचारलं. उत्तर ऐकेपर्यंत त्या पायऱ्या उतरल्याही होत्या. “गाडी न्हाई मॅडम, स्कूटीवर आलीया मी.” बाईंनी रेशमी साडी आवरली आणि मागं बसल्या. मी माझी मोटरसायकल काढली. माइकवर सरपंच ओरडत होते, “सत्कारमूर्ती कुठं निघाले?” पुढं कळलं, हार माझ्या रिकाम्या खुर्चीला घातला आणि कमानीचं अनावरण झालं.

इनामगावात चाळीपाशी त्या मुलीची सासू कांदा निवडत बसली होती. बाई सरळ गुडघ्यांवर बसल्या, गाल पाइपाला टेकवला आणि डोळे मिटले. पंखा चालूच होता. भोकाभोकावरून गाल सरकवत त्या शेवटापर्यंत गेल्या. चेहऱ्यावरची पावडर पाइपाला लागली.

सासूनं सुनेला कोपरानं ढोसलं. “ही सिनेमातली न्हवं का गं?”

“व्हय, आत्या. ही असली चाळ यांनीच शोधून काढली.”

म्हातारीनं बाईंकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं. “आन् ह्यो फेटेवाला कोन?”

मी तोंड उघडलं. बाई वळल्यासुद्धा नाहीत. “माझ्या हाताखाली हायत,” त्या म्हणाल्या.

“मंग बाजूला व्हायला सांग त्यास्नी. वारा अडतोय.”

मी बाजूला झालो.