ठेकेदाराचं पत्र आणा

एकवीस वर्षं खिडकीत बसलं की माणसाला वाकून बोलणाऱ्यांची सवय लागते. पासवाल्या ताईंना ती लागली होती.

कंपनीच्या मोठ्या दारापाशी त्यांची दीड माणसाची खोली. बाहेरून कामाला येणारे सगळे, सफाईवाल्या बायका, पहारेकरी, एसीवाले, दर सोमवारी त्यांच्याकडून आठवड्याचा पास घ्यायचे. कायम नोकरीवाल्यांच्या गळ्यात निळी पट्टी, ह्यांच्या गळ्यात पिवळी. ताई स्वतः निळ्या पट्टीच्या, आणि ही गोष्ट त्या विसरत नसत, समोरच्यालाही विसरू देत नसत. पण मनानं वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर बरं झालं असतं. वाईट माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही.

लिफ्टवाला त्या इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीला नऊ वर्षं येत होता. भारी बोलका. पासावरचा स्वतःचा फोटो बघून दर सोमवारी विचारायचा, "ताई, हा माणूस अजून मोकळाच फिरतोय का?" आणि ताई दर सोमवारी हसायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्याचा साडू गेला. दोघं एकाच ठेकेदाराकडे, जोडीनं काम करायचे. दुसऱ्या एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात साडू पडला, तेव्हा हा वर स्विचपाशी उभा होता. चूक ह्याची नव्हती, चौकशीतही तेच निघालं. नवव्या दिवशी हा पुन्हा खिडकीशी हजर. फोटोचा विनोद मात्र बंद झाला. सही चौकटीबाहेर जायला लागली. लिफ्टच्या दारापुढे हत्यारांची पिशवी खाली ठेवून तो कितीतरी वेळ नुसता उभा राहायचा, हे ताई खिडकीतून बघायच्या. घरीही बोलायची सोय नव्हती. बायकोच्या सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलेलं, तिच्यापुढे हा स्वतःचं रडगाणं कुठल्या तोंडानं गाणार?

त्याच वर्षी कंपनीनं सातव्या मजल्यावर समुपदेशक बाई नेमल्या. जागोजागी पाट्या लागल्या: 'मनावर ओझं आहे? बोला. तुमची गोष्ट बाहेर जाणार नाही.' लिफ्टमधल्या पाटीचे चार स्क्रू लिफ्टवाल्यानंच आवळले होते.

एका सोमवारी रांग सरल्यावर तो खिडकीशी थांबला. "ताई, ते सातव्या मजल्यावरचं... आम्हाला चालतं का?"

ताईंनी संगणकात बघितलं. अर्जात कर्मचारी क्रमांक लागायचा, आणि पिवळ्या पट्टीचा क्रमांक टाकला की अर्ज पुढेच सरकेना. बाहेरच्या माणसाचं काहीही असो, गणवेश, रजा, जखमेवरची पट्टी, सगळं त्याच्या ठेकेदारामार्फत, असा तिथला शिरस्ता. ताईंनी तोच सांगितला. "ठेकेदाराचं पत्र आणा, मग मी बघते. पण झालंय तरी काय?"

त्यानं मागे वळून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "खड्ड्यात उतरलो की हात थरथरतात. त्याची हाक ऐकू येते." आणि लगेच, "पत्राचं राहू द्या. नको ते."

ताईंना त्याची कीव आली. अगदी खरी आली. त्यांना वाटलं, बिचारा लाजतोय, हा काही पत्र मागणार नाही. म्हणून तो आत गेल्यावर त्यांनी आपणहून ठेकेदाराला फोन लावला. "तुमचा माणूस चांगला आहे हो, पण मनानं खचलाय. आत उतरायला घाबरतो. एक पत्र द्या, आमच्या बाईंना दाखवू."

"बरं झालं सांगितलंत," ठेकेदार म्हणाला. ताईंनी समाधानानं डबा उघडला.

पुढच्या सोमवारी ठेकेदाराची नवी यादी आली. त्यात लिफ्टवाल्याच्या नावावर रेघ होती. ताई त्या रेघेकडे बघतच राहिल्या. बुधवारी तो स्वतः पास परत द्यायला आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"बदली झाली का?" ताईंनी विचारलं. यादी त्यांच्या टेबलावर होती, तरी विचारलं.

"तसंच म्हणायचं," तो म्हणाला. आणि उभा राहिला.

ताई 'रद्द' असा शिक्का शोधू लागल्या. शिक्का समोरच होता, तरी त्यांनी दोन खण उपसले. मग शिक्का मारला. तो अजून उभाच. शेवटी "येतो ताई" म्हणून गेला.

ताईंच्या नवऱ्यानं समजूत घातली. "तुझं काय चुकलं? नियमच तसा होता."

"नियम पत्र मागायचा होता," ताई म्हणाल्या. "फोन करायचा नियम कुठे होता?"

ह्यावर नवरा वर्तमानपत्राआड गेला.

त्यानंतर दीड वर्ष ताईंनी कार्मिक अधिकाऱ्याच्या केबिनचा उंबरा झिजवला. पिवळ्या पट्टीवाल्यांनाही सातव्या मजल्यावर जाऊ द्या, एवढंच मागणं. अधिकारी म्हणे, ती आपली माणसं नव्हेत. ताई म्हणत, "मग आपल्या लिफ्ट कोण चालवतं, भुतं?" समुपदेशक बाईंनीही बाजू घेतली. अखेर परिपत्रक निघालं. ताईंनी हट्टानं त्यात एक ओळ घालायला लावली: 'ठेकेदाराला कळवले जाणार नाही.' सगळ्यांनी ताईंचं कौतुक केलं. पहिल्याच महिन्यात सफाईवाल्या तिघी आणि एक पहारेकरी वर जाऊन आले. ताईंना मात्र रोज एकच आठवायचं: बैल गेला आणि झोपा केला.

एका रविवारी ताई परिपत्रकाची प्रत पर्समध्ये घालून लिफ्टवाल्याच्या घरी गेल्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दार त्याच्या बायकोनं उघडलं. "या ना ताई. हे मागच्या खोलीत आहेत. आता लोकांचे पंखे दुरुस्त करतात." मग आवाज उतरवून म्हणाली, "पहिल्या मजल्यावर बोलावलं तरी जात नाहीत. पंखा खाली आणून द्या म्हणतात."

तो पंखा उलटा करून बसला होता. केस निम्मे पांढरे झालेले. त्यानं हात पुसून कागद घेतला आणि सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"ही ओळ चांगली आहे."

"मी घालायला लावली," ताई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग म्हणाल्या, "बाईंशी बोलले आहे मी. तुम्ही आता कामाला नसलात तरी त्या भेटतील. पाहुण्यांचा पास मी करून देते."

"अजून सातव्या मजल्यावरच बसतात?"

"हो."

तो किंचित हसला. एकवीस वर्षं पास लिहिणाऱ्या बाईंनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त मजल्याचा नाही.

"जिन्यानं जाऊ," ताई घाईनं म्हणाल्या. "मी येते बरोबर. नाहीतर बाईंनाच खाली बोलावते, माझ्या खोलीत."

त्यानं कागद घडी करून बाजूला ठेवला. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती बाहेर गेली. ताईंना वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"तो फोन मी केला होता. तुमच्या ठेकेदाराला."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुमचा फोन गेला तेव्हा मी तुमच्याच इमारतीत होतो. त्याच दिवशी दोन वाजता त्यांनी मला बोलावलं आणि तुमचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. मनानं खचलाय, म्हणे." त्यानं पंख्याचं पातं बोटानं फिरवून बघितलं. "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. राग तेव्हाही नव्हता."

ताईंचे डोळे भरून आले. "चुकलं हो माझं."

"पास परत द्यायला मी मुद्दाम आलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "कुणाबरोबरही धाडता आला असता. वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल."

ताईंना तो बुधवार आठवला, दोन उपसलेले खण आणि टेबलावर समोरच असलेला शिक्का.

"चहा घ्या," तो म्हणाला, "गार होतोय."