चौथ्या दिवसाची गाथा

बी.ए.चं शेवटचं वर्ष. मी संस्कृत-प्राकृत घेऊन बसले होते आणि आईने माझ्यासाठी मिरजोळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगची नोकरी जवळजवळ ठरवून टाकली होती. मला एम.ए. करायचं होतं. त्यावरून आमचं रोज वाजायचं. बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर, त्यामुळे घरातलं हायकोर्ट आईच.

कॉलेजातल्या मॅडमनी तेव्हा एका जुन्या प्राकृत गाथेचा अनुवाद करायला दिला. दोनच ओळी: नवरा प्रवासाला निघतो आणि उंबऱ्याशी उभ्या बायकोचे डोळे भरून येतात. अट एवढीच, की अनुवाद घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायचा आणि तो माणूस काय म्हणतो ते वहीत लिहून आणायचं. मी विरह, अश्रू, व्याकुळ असं सगळं ठासून भरलं आणि आठ ओळी केल्या. स्वतःवर जाम खूश होते.

आई मोरीपाशी बांगडे साफ करत होती. ऐकून म्हणाली, "खोटं हाय गो हे."

माझं डोकंच फिरलं. तुला काय कळतंय त्यातलं, असं मी बोलूनही गेले. आईने मान वर केली नाही.

"मानूस जातो त्या दिवशी रडायला सवड कुठं असते? बॅग, कागदपत्रं, रिक्षा, गाडीची वेळ. रडू येतं ते चौथ्या दिवशी. बाजारात हात आपसूक मोठ्या पापलेटाकडं जातो, आणि मग आठवतं, खाणारा नाय घरात."

एवढं बोलून ती पुन्हा बांगड्यांना लागली. मी तिथेच उभी राहिले. ती रडते, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. लाज वाटली मला. मग आठही ओळी खोडल्या आणि आईचं बोलणं चार ओळींत बसवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"मूळ गाथेत मासळीबाजार कुठे आहे?"

"नाही मॅडम. आईने घातला."

त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग सगळ्या वर्गाला त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला म्हणाल्या, "यातला एक शब्द कापू नकोस." मी घरी अक्षरशः उड्या मारत आले.

आईला सगळं सांगितलं. ती वही घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाबांचा फोन आला. स्पीकर चालू होता. आई एकेक शब्द लावत त्यांना त्या चार ओळी वाचून दाखवत होती.

"हे तू कधी बोलली नायस मला," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी इचारलंत?" आई म्हणाली. आणि जरा थांबून, "ऐका, मिरजोळ्याला मी नाय म्हणून कळवते. पोरीला पुढं शिकू दे."